कोंबड्याच्या कॅप्सुली

प्रिय मनांग रोसेल, माझ्या थोरल्या ताई,

बेलेन मावशी उद्या हाँगकाँगला परतते आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. घरचा फोन तू उचलत नाहीस, निरोपही उघडत नाहीस. त्याचा मला राग नाही. आई गेल्याच्या वर्षाच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून बसले होते आणि ताताय, आपले वडील असून, कोंबड्यांच्या झुंजीला गेले होते, हे मीही विसरलेलो नाही.

बाकी घर ठीक आहे. आंबा मोहरलाय. तातायनी एक तांबडा कोंबडा पाळलाय, नाव अल्काल्दे. त्याचं पोट भरल्याशिवाय स्वतः घास घेत नाहीत. मागच्या झुंजीनंतर त्याला उचलताना त्याच्या पायाला बांधलेलं पातं तातायच्या पोटरीत घुसलं. कोंबडाही रक्तबंबाळ. घरी येऊन तातायनी कोंबड्यांच्या डब्यातली अँटिबायोटिकची लाल-काळी कॅप्सुल फोडली, पूड आधी त्याच्या जखमेवर आणि मग आपल्या पोटरीवर भुरभुरली. एकेक दोघांनी गिळलीही. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले, "डॉक्टर काय वेगळं देणार? लहानपणी तू खोकलास की हीच द्यायचो. मेलास का?" शेजारचे मनोंग बेर्तो तातायना म्हणाले, "खा खा, फक्त पहाटे आरवू नकोस म्हणजे झालं." सगळे हसले. मीही हसलो.

दोन दिवसांत ठणका कमी झाला, तशी तातायनी स्वतःची कॅप्सुल बंद केली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या संपल्या होत्या आणि डब्यात थोड्याच उरल्या होत्या. त्या अल्काल्देसाठी ठेवल्या. "त्याचं औषध मध्येच तोडलं तर जखम चिघळते," असं मलाच बजावलं. कोंबड्याच्या बाबतीत त्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

अल्काल्दे आता कुंपणावर चढून आरवतो. तातायची पोटरी मात्र तट्ट फुगली आहे, ताप उतरत नाही. मग दुकानात नव्या कॅप्सुली आल्या, त्याही तातायनी घेऊन पाहिल्या. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई पाहून गेल्या. म्हणाल्या, या औषधाला आता जखम दाद देत नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर पाय जाईल, कदाचित माणूसही. ताताय म्हणतात, रविवारच्या झुंजीनंतर बघू.

काल मी फार मागे लागलो, तेव्हा म्हणाले, "तुझं कशाला ऐकू? माझी इंदाय, माझी लेक ओरडली असती तर गेलो असतो." आणि तोंड फिरवून कोंबड्याला मका टाकत बसले. म्हणून लिहितो आहे, मनांग. पत्र वाचताच त्यांना फोन कर. ते लगेच उचलतील, फोन उशाशीच घेऊन निजतात. आधी अल्काल्देची चौकशी कर, मग पोटभर ओरड. फक्त रडू नकोस, नाहीतर तेच तुझी समजूत काढत बसतील. मनोंग बेर्तोंची तीनचाकी मी दारात उभी करून ठेवतो.

तुझाच धाकटा,
तोतो