केशरबाईची खोली पाडू नये

मी, तुळजाबाई रामराव कंटुले, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा आजवर शेती व घरकाम, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर माझा आहे, टाइप नात आकांक्षा हिने केला आहे. ती मध्येच रडायला लागली, तेव्हा तिला दोनदा पाणी पाजावं लागलं.

१. मी २०१६ साली केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात लिहिलं होतं की, माझ्यामागे माझी थोरली जाऊ केशरबाई कारभारी कंटुले हिने आठ दिवसांत घर सोडावं. ते मीच लिहायला लावलं होतं. मुलगा हरिओम तेवढ्याच कलमावर डोळा ठेवून आहे. तिची खोली रस्त्याच्या अंगाला आहे आणि तिथे त्याला दोन गाळे काढायचे आहेत. "मोठ्या मायला जालन्यात आश्रमात ठिवू, तिथं टीव्ही बी हाय," असं म्हणून राह्यलाय. केशरबाई शहाऐंशी वर्षांची आहे. मूलबाळ नाही, नवरा गेला, माहेरी कुणी उरलं नाही. ही खोली गेली तर तिला दुसरी जागा नाही.

२. माझ्या नावची दोन एकर जमीन हरिओम व मुलगी वंदना यांना निम्मी निम्मी. वंदना "मला नको" म्हणेल. तिचं ऐकू नये.

३. बोरमाळ आकांक्षाला. तिने ती मोडून शिकावं. लग्नात घालायला म्हणून जपून ठेवू नये.

४. राहतं घर मला माझे पती कै. रामराव यांनी २००४ साली बक्षीसपत्राने दिलं. बायकोच्या नावावर घर केलं म्हणून गावाने त्यांचं कौतुक केलं. मीही केलं. तोंड दुखेस्तोवर सांगत फिरले बायांना. आता त्याची लाज वाटते. का वाटते ते इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं म्हातारीचं खूळ म्हणून कोर्टात उडवली जातील.

१९६१ साली या गावात वीज नव्हती, पिठाची गिरणी नव्हती, एसटी नव्हती. विमान आम्ही चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. अंबडला जायचं तर बैलगाडीत अख्खा दिवस मोडायचा. रॉकेल पुरवायचं म्हणून आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आरपार कोनाडा होता. त्यात एक चिमणी ठेवली की दोन्हीकडे उजेड. भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघी जावा पहाटे समोरासमोर बसून ज्वारी दळायचो, एका खुंट्यावर दोघींचे हात. पलीकडे पुरुषमाणसं निजलेली असायची. सुनांना बोलायला तेवढीच जागा होती. जात्यावरचं बोलणं जात्यावरच ठेवायचं, हा बायांचा नियम. जात्याच्या घरघरीत पलीकडे काही ऐकू जात नाही, असं आम्ही धरून चालायचो. पण घरघर आमच्या कानाशी होती आणि तिच्यावर आवाज चढवून आम्ही बोलत होतो. हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

मी सातवी पास होते. तेव्हा तेवढ्यावर मास्तरीण होता यायचं. मुलाखतीला बोलावल्याचा कागद माझ्या भावाकडे आला होता आणि बाजाराच्या दिवशी तो गाडी घेऊन मला अंबडला न्यायला येणार होता. हे मी फक्त केशरबाईला सांगितलं. त्या दिवशी सासूने मला धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. भाऊ वेशीपर्यंत आला. रामराव तिथे गेले आणि त्याला म्हणाले, "तुळजाला दिवस गेलेत, गाडीचे हादरे सोसायचे न्हाईत." भाऊ बिचारा खुशीत माघारी गेला. मला दिवस बिवस काही गेले नव्हते. संध्याकाळी रामराव माझ्याजवळ बसून म्हणाले, "वहिनीनं मायच्या कानावर घातलं. म्या काय करू सांग?" मी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्या दिवसापासून केशरबाईशी बोलणं बंद. चौसष्ट वर्षं. एका घरात, एका न्हाणीत. गिरणी येईपर्यंत दोघींचं जातं मी एकटीने ओढलं, उजवा खांदा त्यातच गेला. अगदीच अडलं तर पोरांना मध्ये घालायचं: "तिला सांग, गाय सुटली." तोवर गाय दुसऱ्याच्या कपाशीत. पण आम्ही बोललो नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हरिओम टेप घेऊन तिची खोली मोजायला आला. तो गेल्यावर केशरबाई काठी टेकत माझ्या खाटेपाशी आली.

"तुळजे, म्या न्हाई सांगितलं. भाऊजीनं ऐकल्तं, कोनाड्यातून. त्याहीनंच मायला सांगितलं."

"मंग आजवर तोंड शिवून का बसली?"

"भाऊजी म्हन्ले, खरं बोललीस तर दोघंबी घराबाहेर. ह्यान्ला दमा, सगळा कारभार भाऊजीच्या हातात, मला लेकरू न्हाई. कुठं गेले असते मी? भाऊजी गेल्यावर घर तुझ्या नावचं, तुला खरं न्हाई वाटलं तर? छप्पर पाहिजे व्हतं बाई. आता छप्पर चाललंच, मंग गप ऱ्हाऊन काय करू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नोकरी गेली, ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. त्या काळी कितीजणींचं गेलं. पण माझी जिवाभावाची बाई माझ्यापासून तोडली, वर मलाच तिचा दुस्वास करायला लावला, आणि रामराव मरेपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवत हे सगळं बघत बसले. हा विश्वासघात आहे. कागदावर असाच शब्द राहावा. केशरबाईलाही माफ केलं असं मी इथे लिहीत नाही. अजून ते जमत नाही.

५. रामराव यांचा हार घातलेला मोठा फोटो हरिओमने घेऊन जावा. त्याच्या शेजारी माझा फोटो लावू नये. कुठल्याही निमित्ताने लावू नये.

६. जातं कुणी दळायला मागितलं तर देऊन टाकावं. सूनबाईंना त्यावर कुंडी ठेवायची आहे. बिलकुल ठेवू नये.

७. केशरबाईची खोली तिला हयातभर. हरिओमने तिची वीज, नळ, संडासाची वाट तोडू नये. तोडल्यास त्याच्या वाट्याची जमीन वंदनाकडे जाईल. केशरबाईच्या पश्चात ही खोली व बाकी घर दोघा भावंडांनी बराबर वाटून घ्यावं. केशरबाईवर कसलीही अट नाही. ती कुणाशी काहीही बोलली, रामराव यांच्याबद्दल भर बाजारात उभी राहून बोलली, तरी खोली तिचीच. वकील म्हणाले, "आजी, असं कलम नसतं." मी म्हटलं, "राहू द्या."

केशरबाईला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला मिळतं त्याने साक्ष करायची नसते, असं वकिलांनी सांगितलं, म्हणून तिचा अंगठा इथे नाही. वाचून दाखवताना मात्र ती हजर होती. सातवं कलम तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तुळजे, मंग आता बोलू का?"

मी म्हटलं, "बोल."

तिने तोंड उघडलं, पण तिला काही सुचेना. मलाही सुचेना. आम्ही दोघी तशाच बसून आहोत. साक्षीदार खोळंबले आहेत, म्हणून सही करते.

लिहून देणार: तुळजाबाई रामराव कंटुले (सही, स्वहस्ते)

साक्षीदार:
१. रामनिवास भंवरलाल मुंदडा, किराणा दुकानदार, शेजारी (सही)
२. प्रिया संतोष खरात, आशा सेविका (सही)

स्थळ: कुंभार पिंपळगाव
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५