धाकटी आत येत नाही

४ मे

धाकटी हो म्हणाली. आधी किती दिवस, कुठे कुठे, ते फोनवर विचारून घेतलं. मग — "शाळा बंदच आहे. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते. येते."

मोठीच अडचण सुटली. दर सुट्टीत गावोगावच्या चर्चमधल्या तरुण मुलांची शिबिरं घेत फिरायचं हे माझं काम, आणि गाडी चालवता येत नाही ही माझी रड. नेहमीचा ड्रायव्हर कंबर धरून घरी बसलाय. सख्खी बहीण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते हे मला उशिरा आठवलं, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. खरं तर आठवत होतं. विचारायचा धीर होत नव्हता.

तिची एकच अट. "गाडी मी चालवीन. आत येणार नाही. चल म्हणायचं नाही."

बरं म्हणाले.

६ मे

पहिलं गाव पार पडलं. पंखे कमी, मुलं जास्त. 'देवाकडे काय मागावं' हे माझं भाषण झालं. इतकी वर्षं तेच देतेय, मुलं कुठे हसणार ते मला आधीच ठाऊक असतं. तिथे मी थांबते. ती हसतात. आज थांबले तेव्हा खिडकीतून व्हॅन दिसली — धाकटी मागच्या सीटवर आडवी, पाय दाराबाहेर, तोंडावर वर्तमानपत्र. पुढचं वाक्यच सुचेना. मग सुचलं. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

व्हॅन तिच्या नवऱ्याची. काही वर्षांपूर्वी त्याला छातीत संसर्ग झाला, व्हेंटिलेटरवर ठेवलं. सगळी मंडळी उपास धरून प्रार्थना करत होती. मीही. तो गेला. दफनाच्या दिवशी चर्चमधल्या एका बाईने — वाईट नाही ती, चांगली आहे — धाकटीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल गं."

त्यानंतर धाकटीने चर्चची पायरी चढलेली नाही. त्याच्या गाडीची किल्ली उचलली आणि दुसऱ्या सोमवारी शाळेच्या दारात हजर.

८ मे

दिवसभर प्रवास. धाकटी गाडी चालवताना बडबडते, हे मला माहीतच नव्हतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकशी भांडते. "ये, ये. मांडीवरच येऊन बस." मी हसून बेजार. लहानपणी एका पांघरुणात आम्ही अशाच हसायचो, आई आतून ओरडेपर्यंत.

एका वळणानंतर म्हणाली, "ताई, तुला कंटाळा येत नाही कधी?"

"कशाचा?"

"देवाबद्दल बोलायचा."

नाही म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "बोलायचा येतो. त्याचा नाही येत."

"बरंय तुझं," म्हणाली. टोमणा होता की नव्हता, अजून ठरवता आलेलं नाही.

१० मे

डोंगरावरचं शिबिर सुरू. जुनं वसतिगृह — लोखंडी खाटा, पत्र्याचं छप्पर, सकाळी धुकं थेट खोलीत. व्यवस्था बघणारे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. कष्टाळू माणूस. पण बोलताना समोरच्याला उत्तर द्यायची उसंत देत नाहीत. धंद्याची सवय असणार.

गाण्यांना कीबोर्ड वाजवायला एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते. बोटं सुरेख. तोंडातून शब्द नाही.

११ मे

दुपारच्या सत्राला निम्मी मुलं गायब. बाहेर येऊन बघते तर सगळी व्हॅनभोवती. धाकटी त्यांना चाक बदलायला शिकवत होती. कीबोर्डवाली पाना धरून, घामाघूम, आणि हसत होती. "ड्रायव्हर मावशी, निसटतंय!" "निसटेना का. पायावर पाडू नकोस म्हणजे झालं."

ड्रायव्हर मावशी म्हणे. धाकटीला ते नाव आवडलंय. मला हेवा वाटला, लिहूनच टाकते. मला सगळे ताई म्हणतात, पण असं लाडात येऊन कोणी म्हणत नाही.

१२ मे

डॉक्टरांनी बाजूला घेतलं. "गैरसमज नको, ताई. पण मुलं सत्र सोडून गाडीपाशी असतात. आणि तुमच्या बहिणीबाई सांगतात की त्या प्रार्थना करत नाहीत. आपण इथे कशासाठी आलोय?"

मी धाकटीकडे गेले.

"मी काही सांगत फिरत नाही," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही आत का येत नाही, असं त्यांनी विचारलं. खोटं सांगू?"

"खोटं नको. पण कच्ची मुलं आहेत गं."

"तुझी अडचण होतेय का? स्पष्ट बोल. गाडी फाटकाबाहेर लावू?"

मी नाही म्हणायला हवं होतं. "लाव," म्हणाले.

तिने लावली. एका शब्दाने भांडली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ मे

सकाळी कीबोर्डवालीला वडिलांचा फोन. आईला ताप होता, तो छातीत उतरला. पहाटे व्हेंटिलेटरवर ठेवलं. मुलगी फोन हातात धरून नुसती उभी. तशीच तिला घेऊन निघणार, तर रात्रीच्या वळवाच्या पावसाने घाटात दरड कोसळलेली. रस्ता उद्यापर्यंत बंद.

दिवसभर प्रार्थना. मुलं गुडघ्यांवर, काही रडत. दातांचे डॉक्टर म्हणाले, शंका धरायची नाही, आजच दावा करायचा, म्हणजे मिळालंच असं धरून मागायचं. एकापाठोपाठ एक सगळे — प्रभू, तू बरं करणारच. मुलगी मधोमध, डोळे उघडे. मग माझी पाळी. मी म्हणाले, "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." सगळे आमेन म्हणाले.

आता लिहिताना वाटतं, हे वाक्य कधी तोंडघशी पाडत नाही. बाई वाचली तरी खरं, गेली तरी खरं. ते श्रद्धेने निघालं की सांभाळून?

संध्याकाळी मुलगी दिसेना. फाटकाबाहेर गेले तर व्हॅनमध्ये, पुढच्या सीटवर. काच खाली होती, ऐकू आलं.

"मावशी, काकांसाठीपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना?"

"केली होती."

"मग?"

"मग गेले ते."

मी दोन पावलं पुढे टाकली. थांबले. आता ही पोरीला काय सांगणार?

"माझा गेला म्हणून तुझी आई जाईल, असं नसतं काही," धाकटी म्हणाली. "दोन वेगळी माणसं. जेवलीस का सकाळपासून?"

ती जेवली नव्हती. आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

१४ मे

रस्ता एका बाजूने सुरू झाला. आम्ही तिघी. मी मागे मुलीचा हात धरून. धाकटी आज एकाही ट्रकशी बोलली नाही. दरडीपाशी दगडांच्या कडेने गाडी इंचाइंचाने काढली, मी डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलच्या दारात मला वाटलं होतं ती गाडीतच थांबेल. उतरली. आमच्यापुढे चालायला लागली. अतिदक्षता विभाग कुठे ते कोणाला विचारलं नाही, जिना चढताना कठडा मात्र घट्ट धरून होती. वडील भिंतीला टेकून उभे होते. तिने त्यांना बसवलं, बूट काढायला लावले, चहा आणून दिला. नर्सला विचारून मुलीला आत सोडायला लावलं. मी पर्समध्ये हात घालून बायबल धरून उभी. बाहेर काढावं की नाही, कळेना.

१५ मे

फरक नाही. डॉक्टर — खरे, छातीचे — म्हणतात, वाट बघा.

१७ मे

नळी काढली! स्वतःचा श्वास घेतेय. डोळे उघडून लेकीला पहिलं काय विचारलं, तर — परीक्षेचा फॉर्म भरलास का? बाप हसत हसत रडला. मी कॉरिडॉरमध्येच गुडघे टेकले, लोक बघत होते तरी. देवा, तुझे आभार. मनापासून.

मागे वळून बघितलं. धाकटी नव्हती.

खाली गाडी पुसत होती. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होती. "बरं झालं," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

१९ मे

मुलीच्या चर्चमध्ये आभारप्रार्थना. शिबिरातली मुलं डोंगरावरून खाली आली होती. दातांचे डॉक्टर पुढे उभे राहून म्हणाले, "बघा, विश्वासाने मागितलं की काय होतं!" टाळ्या. सगळी मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मीही वाजवत होते. मग एकदम जाणवलं, दारं-खिडक्या सताड उघड्या आहेत आणि व्हॅन अंगणातच आहे.

हात थांबले माझे.

मी उठून बाहेर आले. पहिल्या रांगेतून, सगळ्यांसमोरून. धाकटी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. "फाटकाबाहेर लाव म्हणाले, ते चुकलं माझं," म्हणाले. ती हं म्हणाली. आतून टाळ्या येतच होत्या. मला पहिल्यांदा कळलं त्या बाहेरून कशा ऐकू येतात.

मग गाणं सुरू झालं, आणि मध्येच कीबोर्ड थांबला. मुलगी बाहेर आली, खिडकीशी उभी राहिली. तोंड रडवेलं. "मावशी, माझी आईच का वाचली? आणि तुमचे..."

मी तोंड उघडलं. या प्रश्नावर माझ्याकडे एक अख्खं सत्र आहे. तोंड मिटलं.

"मला माहीत नाही, बाळा," धाकटी म्हणाली. "पण तू त्याचं ओझं घेऊ नकोस. तुझी आई वाचली. जा, आत जा आणि वाजव. चुकू नकोस, सगळे गातायत."

मुलगी गेली. सूर पुन्हा सुरू झाले. आम्ही दोघी गाणं संपेपर्यंत गाडीतच बसलो. धाकटी रडली. मीही.

२० मे

पुढच्या वर्षीसाठी 'देवाकडे काय मागावं' ते भाषण पुन्हा काढून बघितलं. हसायच्या जागा खोडल्या. मग बाकीचंही फारसं उरलं नाही.

२२ मे

धाकटीने घरी सोडलं. सामान उतरवून झालं. इंजिन चालूच ठेवून म्हणाली, "ताई, एक सांगते. त्या पोरीच्या आईसाठी मी मागितलं होतं. गाडीत बसून. वाचव तिला, एवढंच. बाकी काही आलं नाही तोंडात."

मी काही बोलणार, तिने हात वर केला.

"आणि ती वाचली तेव्हा मला राग आला. इतका राग आला त्याचा! अजून आहे."

"कोणाचा?"

"तेच तर," म्हणाली. "देव नाहीच म्हणून बसले होते मी इतकी वर्षं. जो नाही, त्याचा राग येतो का कोणाला?"

गिअर टाकला आणि गेली.