आठची हजेरी

कन्नड, ३ डिसेंबर २०२५

चि. प्रांजलीस आबाचे उदंड आशीर्वाद.

फोन बंद ठेवलाय म्हणून रुसू नको. वाजला की कडुबाच वाटतो. म्हणून ही चिठ्ठी, जीपवाल्या सांडूच्या हाती. पायातला रॉड थंडीनं लई ठणकतो. बाकी कामावर असताना पायाला लागलं म्हणून खास रजा मंजूर, घरबसल्या पगार चालू. तुझी आई मला सरकारचा जावई म्हणती.

पण बघ, मी अन् कडुबा, दोघं मैलकुली, घाटात रस्त्याचे खड्डे बुजवत होतो. एकाच ट्रकनं दोघांना उडवलं. कडुबा गेला. अन् आता त्याच्या घरी राजावहिनीला कागद आलाय, की तिचा नवरा त्या दिवशी ड्यूटीवरच नव्हता, काही मिळणार नाय. असं कसं? माझ्या बाजूला तोच होता. माझा रजेचा कागद द्यायला हापिसात जाशील, तेव्हा हजेरीपट बघून ये.

अजून एक, आईला सांगू नको. रोज सकाळी आठला, हजेरीच्या टायमाला, कडुबा दारात येतो. चांगलं ऊन पडलेलं असतं. चपलेला ओलं डांबर. आत येत नाय, नुसता पेन मागतो.

टायमावर जेवत जा.
तुझा,
आबा


छत्रपती संभाजीनगर, ९ डिसेंबर

ती. आबांना प्रांजलीचा नमस्कार. वि. वि.

मी मजेत. मेसची भाजी तुमच्या डांबरासारखीच असते.

हजेरीपट बघितला. कडुबाकाकांचा चौकोन कोरा आहे. तुमच्यात सही आहे, पण आबा, ती तुमची नाही. तुमच्या ‘मल्हारी’ची वेलांटी अशी लांब शेपटी ओढून काकाच काढायचे. तुमची रीत मला माहितीये, जो आधी पोचेल त्यानं दुसऱ्याची सही आधी करायची, मग आपली. क्लार्क म्हणाला, त्या दिवशी डांबराची गाडी लवकर सुटली. म्हणजे काकांनी तुमची केली अन् गाडीमागं पळाले. स्वतःची राहिली.

तुम्ही उशिरा गेलात हे कुणालाच माहीत नाही. सांगाल तर खोट्या हजेरीची चौकशी लागेल, पगार थांबेल, अन् मार्चमध्ये पायाचं ऑपरेशन आहे. हात जोडते, गप्प राहा. दारातलं ते औषधांमुळं होतंय, डॉक्टरांना सांगा.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
प्रांजली

ता. क. काल सकाळी आठला माझ्या रूमवर डांबराचा वास आला. खाली जाऊन बघितलं. कुठंच रस्त्याचं काम नाही.


कन्नड, १२ डिसेंबर

चि. प्रांजलीस आशीर्वाद.

पेन कशाला मागतो ते तुझ्या चिठ्ठीनं कळलं. त्या दिवशी मी दाढी करत बसलो होतो. उशीर झाला तो एवढ्याचसाठी. हजेरीला न थांबता थेट घाटात गेलो.

काल शहरात येऊन गेलो. तुला भेटलो नाय, अडवलं असतंस. साहेबासमोर लिहून दिलं, की माझी सही कडुबानं केली, म्हणजे तो माझ्याआधी हजर होता. साहेब म्हणाले, राजावहिनीचा कागद परत बघू, पण चौकशी होईस्तोवर तुझा पगार बंद. तुझी आई आता सरकारचा जावई म्हणत नाय.

लिहून दिलेल्या कागदाखाली सही करायला पेन टेकवला, तर हात कडुबाचं नाव लिहून गेला. क्लार्क खेकसला, मेलेल्या माणसाची सही कशाला केली म्हणून. मी म्हणालो, आमच्यात दुसऱ्याची आधी असती. मग तिच्याखाली माझी केली.

उद्या आठला दार उघडंच ठेवतो. आला तर आत बोलावीन.

रागव, पण तुटू नको.
तुझा,
आबा