तिसरी टोपली

प्रिय लेकी,

तुझी मान आता कशी आहे? उशी बदललीस, की अजून तोच दगड डोक्याखाली घेतेस? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसतं का? जावईबापूंचा खोकला उतरला का? हे तुलाच विचारते आहे, त्यांना नाही, एवढं ध्यानात ठेव. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ते नेहमीचंच. तुझी भिंगरी ठणठणीत आहे. पुढचा दात पडलाय. तो तिने काडेपेटीत जपून ठेवलाय, तुला दाखवायला.

शनिवारी आम्ही दोघी वाचनालयात जातो, ते तुला ठाऊक आहेच. तिथल्या ग्रंथपालबाईंनी मला हेरलं. भिंगरीला मी मोठ्याने वाचून दाखवते तेव्हा बाकीची पोरं आपोआप गोळा होतात, तर त्या सगळ्यांनाच जरा घेऊन बसा म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रद्दी पेपरावर कपडे बेतताना अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, त्यामुळे माझ्या निम्म्या बातम्या बाहीच्या गोलाईपाशी तुटलेल्या. बाई हसल्या आणि माझ्यापुढे दोन टोपल्या ठेवल्या. एक गोष्टीच्या पुस्तकांची, दुसरी माहितीच्या पुस्तकांची. मुलांनी पुस्तक चाळायचं, कुठलं आहे ते ओळखायचं आणि त्या टोपलीत टाकायचं. चुकलं तर का चुकलं ते मी सांगायचं.

मी आपली शहाणी, टोपल्यांवर 'खोटी' आणि 'खरी' अशा चिठ्ठ्या डकवल्या. बाईंनी त्या हळूच काढून घेतल्या. म्हणाल्या, आजी, गोष्ट खोटी नसते. कोल्हा कोट घालून बाजारात गेला, हे रचलेलं आहे ते सांगणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. दोघांनी मिळून ठरवलेलं असतं, म्हणून त्यात कुणी फसत नाही. मला ते इतकं पटलं की घरी येईपर्यंत तोंडात तेच घोळवत होते. मुलांना सांगितलं, तर त्यांचं वेगळंच. एकाने कोल्ह्याचं पुस्तक माहितीत टाकलं, का तर कोल्हा रडतोय आणि रडणं काय कुणी उगाच करतं? दुसरी म्हणाली, देवमासा एवढा मोठा असूच शकत नाही, टाका गोष्टीत. तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांना पडताळा घ्यायला शिकवलं. देवमाशाची दोन वेगळी पुस्तकं शेजारी शेजारी उघडायची. दोन्हींत तेच सांगितलं असेल, तर भरवसा ठेवायला हरकत नाही. नसेल, तर आणखी विचारायचं. भिंगरीला हे भारी आवडलं. आता ती दूधवाल्याचाही पडताळा घेते.

लेकी, तुझाही घेतलाय तिने.

घराचं काम निघालंय, ओल आलेली भिंत पाडलीय, म्हणून सुट्टीपुरती हिला ठेवून घे, असं तू म्हणालीस. मी आनंदाने ठेवून घेतली. आता शाळा उघडायला आल्या, तर इकडेच तात्पुरतं नाव घालू का म्हणतेस. भिंत पाडलीत की घर? गेल्या रविवारी भिंगरीने बाबांना विचारलं, माझ्या खोलीला कोणता रंग दिला. पिवळा, म्हणाले. खिडकीत पडदासुद्धा लावून झाला. मंगळवारी तुझा फोन आला, तेव्हा तिने तेच तुला विचारलं. तू म्हणालीस, फिकट हिरवा, पडदा अजून शिवायचाय. पोरीने नुसतं बरं म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मलाही मग राहवेना. जन्मभर लोकांची मापं घेतली मी. टेप लावायच्या आधी कोण पोट आत ओढतंय, ते मला कळतं. जावईबापू रविवारी फोनवर खोकून खोकून बेजार होते. तुला विचारलं, तर आधी 'कुणाला खोकला?' म्हणालीस आणि मग सावरून घेतलंस. ते नेहमी म्हणतात ती आंघोळीला गेलीय, तू म्हणतेस ते दुकानात गेलेत. एवढी आंघोळ आणि एवढं दुकान कुणाच्या संसारात असतं गं? शिवाय तुझ्या फोनमध्ये मागे एक बाई सारखी मजले सांगत असते. तिसरा मजला, दार उघडत आहे. तुमचं घर बैठं आहे. मैत्रिणीकडे असशील, असंही मनाला सांगून पाहिलं. पण तिच्याकडे रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी?

काल शनिवारी भिंगरीने वाचनालयात एक कागद आणला. नव्या खोलीचं चित्र, अर्धी भिंत पिवळी, अर्धी हिरवी. दोन्ही टोपल्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, गोष्ट आहे हे न सांगताच सांगितलेली गोष्ट कुठल्या टोपलीत टाकायची?" तिने कागदाची घडी केली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली.

येताना वाटेत विचारलं, तुला माहीत आहे का आजी? मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, मला नुसती शंका आहे. पण शंका वाढत चाललीय, आणि तिच्यापुढे मला फार दिवस नाही म्हणता येणार नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही दोघं एका घरात राहत नसाल, तर मी रागावणार नाही आणि का म्हणून खोदतही बसणार नाही. पण तिला ते तुम्हीच सांगा. दोघांनी एकत्र या, नाहीतर एकामागून एक या, पण दोघांच्या तोंडून एकच येऊ दे. ती पडताळा घेणारच आहे. खोलीला रंगच दिला नसेल, तर रंग दिला नाही म्हणा. दात अजून काडेपेटीत आहे. कधी येताय, ते लगेच दोन ओळींत कळव. इकडच्या शाळेत तिचं नाव घालायचं मी तोवर काही करत नाही.

तुझीच,
आई