मुकादमाची हवापालट

मु. वळ, भिवंडी, रविवार

तीर्थरूप वन्सं, आक्काचा वाकून नमस्कार. (कंबर वाकत न्हाय, तेव्हा कागदावरचाच घ्या.) तुमची शुगर वाढली असं कळलं. बोलण्यातून तर कधी जाणवली न्हाय.

इकडं मुकादम आजारी हाय. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा, ज्याला तुम्ही पायरीवरनं हाकलता तो. पॉवरलूमच्या दारात बसून सगळ्यांवर डोळा ठेवतो नि स्वतः काडी हलवत न्हाय, म्हणून ते नाव. पावसाळा लागला नि हा खोकायला लागला. आता भिवंडीत खोकल्याकडं कोण बघतं? तुमच्या भावानं लूमवर जन्म खोकण्यात काढला. मला वाटलं, ह्याच्याही छातीत कापसाचं तूस गेलं. पोराला, मितेशला म्हणलं, ह्याला चांगल्या हवेत ने. लूमपासून सोडला नि मागं भेंडीच्या वाफ्यात बांधला. वर गूळ-हळद. (तुमच्या भावाला एवढी हवा कधी मिळाली न्हाय.)

तर खोकला दुप्पट. नाकातून रक्त आलं, तेव्हा जनावरांचा डॉक्टर आणला. शी तपासून म्हणतो, "आजी, फुप्फुसात जंत आहेत. गोगलगाय खाल्ली की होतात. इकडं मी आजवर पाहिले नव्हते, आता नव्या नव्या ठिकाणी निघतायत." मी म्हणलं, साऱ्या जगाचा माल वळच्या गोदामात उतरतो, जंतानंच काय घोडं मारलंय? मग विचारतो, "ह्याला बांधता कुठं?" आमच्या भेंडीवर पानांपेक्षा गोगलगायी जास्त. मुकादम चणे खावे तशा खात होता. हवा खायला मीच बांधला होता. (मितेश हसला. त्याला त्या दिवशी कोरडी भाकरी.)

औषध चालू हाय. पण परत गोगलगाय पोटात गेली तर ही छाती टिकायची न्हाय, असं डॉक्टर म्हणतो. मला काय, कुत्रं हाय, जगलं तर जगलं. त्यानं भाकरी टाकली की मीही ताट सारते, असं सूनबाई फोनवर सांगेल. ऐकू नका. मला ॲसिडिटी हाय.

तुमची भावजय,
आक्का

ता. क. पाऊस सरेपर्यंत मुकादमाला कल्याणला ठेवून घ्या. तुमच्या तिसऱ्या माळ्यावर गोगलगाय चढत न्हाय. तुम्हाला कुत्री आवडत न्हायत, ठाऊक हाय. त्यालाही माणसं आवडत न्हायत, जमेल तुमचं.

आणखी एक. हे पत्र मितेशनंच हातात दिलं ना? मग जरा त्याच्या मागं जिन्यात बघा. आजाऱ्याला उचलून वर आणलंय, आता दार लावू नका. गोळी भाकरीत घालून द्यायची. न्हायच खाल्ली तर माझं नाव घ्या, तोंड उघडतो.