बिबड्यांवरची अक्षरं

९ मार्च १९९२, सोमवार

आज चारच बाया आल्या. यादीत नावं तेवीस!

शाळेतली चौथीची खोली, संध्याकाळी सहाची वेळ, बाकं लहान पोरांची. शेजारची भागाबाई बसायला गेली आणि अडकली. दोघींनी ओढून काढली. कोणी हसलं नाही — तेच मला लागलं. एरवी भागाबाई स्वतःवरच गावाला हसवते. इथे मात्र तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत राहिली. मी फळ्यावर 'म' काढून विचारलं, हे काय? चौघींच्या माना खाली.

मोतीलाल सर साक्षरतेच्या कामाचे पर्यवेक्षक. जानेवारीत म्हणाले होते, गावात बारावी झालेली सून तुम्ही एकट्याच, तुम्हीच घ्या वर्ग. घेतला. आता?

११ मार्च

सासूबाईंना पुन्हा म्हटलं, चला ना. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शाळामा म्हतारीसनं काय काम शे?" माझी स्वतःची सासू येत नाही, तर गाव कशाला येईल!

१६ मार्च

आज एकही नाही. फळा पुसला, कुलूप लावलं, घरी आले. हे म्हणाले, सोडून दे. यांना काय जातं म्हणायला!

१९ मार्च, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे.

सध्या बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे, दिवस. ज्वारीचा घाटा शिजवा, ओल्या कापडावर हाताने थापा, उन्हात घाला — एकटीने होणारं काम नाही. म्हणून आज हिच्या, उद्या तिच्या, अशा बाया जमतात. आमच्या गल्लीत सगळ्यात मोठं धाबं, घरावरची मातीची सपाट गच्ची, भागाबाईचं. चार घरांच्या बिबड्या तिथेच वाळतात.

दुपारी मी पाणी घेऊन वर गेले तर भांडण! वाऱ्याने कापडं सरकली होती आणि कोणाची बिबडी कोणती ते कळेना. सासूबाईंचं म्हणणं, तिखट त्या आमच्या. भागाबाईने चार ठिकाणच्या मोडून खाल्ल्या आणि निकाल दिला, बठ्ठ्याच तिखट शेतस. सगळ्याच तिखट, मग वाद मिटणार कसा!

मी सहज बोलून गेले — ओल्या असतानाच बोटाने आपापल्या नावाचं पहिलं अक्षर काढा, म्हणजे वाद नको.

थापणारे हात थांबले. वाटलं, झालं, इथेही शाळा आणली मी. मग भागाबाईने बोट पुढे केलं. तिचा हात धरून एका बिबडीवर 'भा' काढला. दुसरीवर तिने एकटीने काढला. मग थांबेचना. थापायची आणि 'भा', थापायची आणि 'भा'.

सासूबाई लांबून बघत होत्या. जरा वेळाने आल्या. त्यांचं नाव झुंबरबाई — 'झुं' म्हणजे वळणाचा झ, खाली उकार, वर टिंब. तीन बिबड्या फाटल्या. कोणीतरी सुचवलं, तुम्ही नुसती फुली मारा.

"फुली कसाले? मनं नाव शे ना."

चौथी जमली.

२० मार्च

नऊ बाया. मी कोणाला बोलावलं नव्हतं.

२४ मार्च

सतरा. शाळेला सुट्टीच दिली आहे मी. रोज दुपारी धाब्यावर. खडू, पाटी, चुलीतला कोळसा, भिंत, जमीन — जे हाताशी असेल ते. आणि गलका किती! शाळेत मी सारखी शांत बसा म्हणायचे. इथे एक लिहिते, दुसरी तिला सांगते, तुना उकार उलटा शे. ती पाण्याचा हात फिरवते आणि पुन्हा काढते. चुकलं तर एवढंच — पाण्याचा हात. त्या खोलीत याच बायांना 'म' येत नव्हता हे कोणाला सांगून पटेल?

मलाही इथे जास्त चांगलं शिकवता येतं. उगाच मोठ्याने बोलत नाही.

२७ मार्च

सासूबाईंनी पाटीवर पूर्ण नाव लिहिलं. पाचही अक्षरं. पाटी लांब धरली, जवळ धरली.

"इतलंसं शे मनं नाव?"

मला हसू आलं आणि रडूही. त्या मात्र गंभीर. रात्रीच्या जेवणापर्यंत पाटी पुसली नाही, कोणाला पुसूही दिली नाही.

३१ मार्च, मंगळवार

मोतीलाल सर आले. शाळेला कुलूप बघून चिडले, विचारत विचारत धाब्यावर पोचले. सगळ्यांसमोर म्हणाले, वर्गाची जागा शाळा आहे, इथे भरला तर मी वर्ग बंद झाला असं लिहीन. वीस बाया, वीस पाट्या, आणि मी गुन्हेगारासारखी उभी.

सासूबाईंनी एक वाळलेली बिबडी त्यांच्या हातात दिली. वाचा म्हणाल्या. सरांनी वाचलं — झुंबर. ते कोणी लिहिलं, ते सांगून त्या म्हणाल्या, "बाकवर बसानी लाज वाटस, सर. आठे नही वाटत."

सर डोक्यावर रुमाल टाकून तासभर उन्हात बसले. प्रत्येकीचं वाचन ऐकलं. जाताना हजेरीपटावर जागेच्या रकान्यात 'शाळा' खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं — भागाबाईंचं धाबं. ती बिबडी खिशात घालून नेली!

२६ एप्रिल, रविवार

परीक्षा. ती मात्र शाळेतच, नियम तसा. पुन्हा तीच खोली, तीच बाकं.

सकाळी पोचले तर बाया माझ्या आधी हजर. बाकं उचलून भिंतीला लावलेली, मधे सतरंजी. भागाबाई म्हणाली, बाकं आम्हीच काढली, मास्तरांना विचारलं नाही. एकवीस जणी मांडी घालून बसल्या आणि लिहायला लागल्या. मी दारात उभी. करायला काही कामच उरलं नव्हतं.

४ मे

एकोणीस पास! उरलेल्या दोघी म्हणतात, पुढच्या वेळी.

७ मे, धुळे

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी. झोके, आंबे, आईच्या हातचं जेवण. आज पोस्टकार्ड आलं. पत्ता यांच्या अक्षरात, पण आतला मजकूर मोठ्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत —

सुनंदा. आठे करमत नही. ये. झुंबरबाई.

आईला दाखवलं. ती म्हणाली, माझ्या सासूने मला असं कधी म्हटलं नाही. लिहिणं तर सोडच.

१८ जून

मी नदीवर धुणं घेऊन गेले असताना पोस्टमन येऊन गेला. परत आले तर सासूबाई ओट्यावर, मांडीवर फोडलेलं पाकीट. धुळ्याच्या अध्यापक विद्यालयाचं. डी.एड.ला माझं नाव लागलं!

माहेरी होते तेव्हा अर्ज टाकून आले होते. यांना सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही.

पत्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलं होतं. सकाळ त्यातच गेली, म्हणाल्या. मी ओले कपडे घेऊन तशीच उभी. त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"तू जाय. बायासले मी शिकाडसू."