आईच्या डोळ्यांची जुळणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो, असे भाऊजींकडून कळले, बरे वाटले. इकडे सर्व क्षेम असून मी पंचावन्नाव्या वर्षी संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकलो आहे आणि (नम्रपणे सांगतो) जिंकलो आहे.

आईबाबांचा दोघांचा असा एकच धड फोटो, तिशीतला, आणि त्यात आईचे डोळे मिटलेले, हे तू जाणतेसच. येत्या रविवारी त्यांच्या लग्नाला साठ वर्षे होतील. तो फोटो मोठा करून भिंतीवर लावावा, ही बाबांची जुनी इच्छा; पण आईचे एकच पालुपद, "झोपलेली बाई भिंतीवर नको." पन्नास वर्षे बाबा या मुद्द्यावर हरत आले. तेव्हा मी विडा उचलला.

या विद्येचे मूळ तत्त्व सोपे आहे, नीट लक्ष दे. चित्रावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर असतात. काम वरच्या थरावर करायचे, म्हणजे बिघडले तरी खालचे चित्र शाबूत. (हे मी वहीत लाल शाईने लिहिले आणि पुढचे तीन दिवस खालच्याच थरावर काम केले.) प्रथम जुना ओरखडा पुसला; त्याच्याबरोबर बाबांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी उलटवून रिकाम्या बाजूला बसवली, तर दोन्ही बाजू इतक्या तंतोतंत जुळल्या की बाबा नाटकातले, चिकटवलेल्या मिशीचे फौजदार दिसू लागले. फोटो पुन्हा स्कॅन केला. तो मुळात तिरका; सरळ करताना आईबाबा ताठ झाले आणि मागचे कपाट कलले. चहा ठेवता ठेवता तुझी भावजय म्हणाली, "कपाट पडतंय, आधी त्यांना बाजूला घ्या."

डोळ्यांचे काम सर्वांत खडतर. आईच्या ओळखपत्रावरचे घेतले, ते ऐंशीच्या घरातले. तिशीच्या चेहऱ्यावर बसवल्यावर तिला पुढचे सगळे आधीच ठाऊक असल्यासारखे वाटे. अखेर हवे तसे डोळे सापडले. (कुठे, ते पुढे येईल.) उजेडाची दिशा जुळवली, कडा मऊ केल्या, पापण्यांखाली किंचित सावली दिली, आणि अकराव्या प्रयत्नात आईने डोळे उघडले.

सोमवारी फोटो भिंतीवर लागला. बाबा समोर उभे राहिले. "ही माझ्याकडे अशी का बघतेय? मी काय केलं?" असे पुटपुटत त्यांनी खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला आणि स्वतः वाळत घातला. आईने चष्मा लावून बराच वेळ निरखले. "राहू दे," म्हणाली, "आता जागी दिसते." पन्नास वर्षांचा खटला निकाली निघाला, ताई, आणि तोही माझ्या हातून.

तुझा विजयी, तरीही आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. डोळे तुझे आहेत. कुकरची शिट्टी का वाजते, हे मी तुला तिसऱ्यांदा समजावत असताना भाऊजींनी काढलेल्या, तुझ्या तिशीतल्या फोटोतले. बाबांना सांगू नकोस. टॉवेल रोज वाळत पडतो आहे.

आणखी एक ता. क. आईने पहिल्या नजरेतच ओळखले. मला आत बोलावून एवढेच विचारले, "तिला विचारलंस का रे?" मी हो म्हणालो. तरी रविवारी येताना परवानगीची चार ओळींची चिठ्ठी घेऊन ये. तारीख सोमवारच्या आधीची घाल.